थर्मासातला ऐवज

त्यांना सगळे फिनेलकाका म्हणत, आणि हे नाव ठेवणाऱ्यानं त्यांच्यावर अन्याय केला असं कुणी म्हणणार नाही. काका कुठेही गेले तरी आधी त्यांचा वास पोचायचा आणि मागाहून काका. दाराची कडी ते कोपरानं उघडत, सुटे पैसे धुऊन खिशात टाकत, आणि कुणी हात मिळवायला पुढे आलं तर लांबूनच मान हलवत. बायको म्हणायची, "यांच्याशी संसार म्हणजे दवाखान्यात कायमची भरती. फक्त भेटायला कुणी येत नाही, एवढंच."

अशा माणसानं नेमका कोंबड्यांचा धंदा का धरला, देव जाणे. पण काकांचं म्हणणं असं, की त्यांचा धंदा कोंबड्यांचा नव्हताच. त्यांची हॅचरी होती. बाहेरून अंडी यायची, उबवणयंत्रात तीन आठवडे पडून राहायची, आणि पिल्लं बाहेर पडून वाळली, फुलली, की त्याच दिवशी खोक्यांत बसून पोल्ट्रीवाल्यांकडे रवाना व्हायची. कोंबडी हा प्राणी हॅचरीच्या आवारात कित्येक वर्षांत कुणी पाहिला नव्हता. कोंबडीवाचून पिल्लं ही काकांच्या मते माणसानं केलेली सगळ्यात मोठी प्रगती होती.

हॅचरीत शिरणं सोपं नव्हतं. फाटकाशी औषधी पाण्याचा ट्रे, त्यात बुटांसकट पाय बुडवायचे. मग अंघोळ, मग हॅचरीचे कपडे, हॅचरीच्या चपला, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क. हातात काही सामान असेल तर चौकीदार त्याच्यावर जंतुनाशक फवारायचा. या चौकीदारानं एकदा पोस्टमनलाच नखशिखान्त फवारला होता, आणि काकांनी त्याला बोलावून पाठ थोपटली होती, अर्थात हातमोजा घालून.

आणि नेमकी याच हॅचरीतली पिल्लं आजारी निघाली.

एकदा निघाली तेव्हा काकांनी पोल्ट्रीवाल्यांवर ढकललं. दुसऱ्यांदा पशुसंवर्धन खात्याचे निरीक्षक स्वतः येऊन नमुने घेऊन गेले, आणि अहवालात आला साल्मोनेला. म्हणजे हगवणीचा जंतू, पिल्लांनाही मारणारा आणि कोंबडी-अंडी खाणाऱ्या माणसालाही आडवं करणारा. निरीक्षक सज्जन गृहस्थ होते. म्हणाले, "काका, पुढची बॅच अशीच निघाली, तर मला या दाराला कुलूप लावावं लागेल. मला ते आवडणार नाही."

काकांनी मग जे त्यांना येत होतं तेच केलं. घासलं. भिंती घासल्या, पंख्यांची पाती घासली, बल्ब काढून पुसले. औषधाचं प्रमाण दुप्पट केलं. चौकीदाराच्या भुवया पांढऱ्या पडल्या. पिल्लांची तब्येत मात्र तशीच राहिली, आणि काकांची झोप उडाली. बापाच्या दुकानातली नोकरी नाकारून उभा केलेला हा एकच संसार होता त्यांचा. तो गेला असता तर घासायला घराशिवाय काही उरलं नसतं, आणि त्या कल्पनेनं बायकोचीही झोप उडाली.

शेवटी जनावरांच्या डॉक्टरबाई आल्या. तरुण, तुरुतुरु चालणाऱ्या, आणि समोरच्याला काय वाटेल याची फारशी फिकीर न करणाऱ्या. सगळी हॅचरी त्यांनी फिरून पाहिली. कोपऱ्यांत बोट फिरवून पाहिलं.

"काका, इथे जमिनीवर वाढून जेवलं तरी चालेल."

काका खुलले.

"आणि घोटाळा तिथेच आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

काका मिटले.

"पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा त्याचं आतडं जवळजवळ कोरं असतं. कोंबडीखाली जन्मलं असतं, तर पहिल्याच दिवशी आईच्या शिटेत चोच मारून त्यानं पोटभर चांगले जिवाणू गिळले असते. ते आतड्यात बिऱ्हाड करतात. एकदा घर भरलं की चोराला पाय ठेवायला जागा नाही. बसायची जागा यांनी अडवलेली, खाणं यांनी संपवलेलं, आणि वर हे असली काही आम्लं तयार करतात, की साल्मोनेलाला तिथे टिकणंच मुश्कील. तुमच्या पिल्लांचं घर रिकामं आहे. रिकाम्या घराला तुम्ही रोज बाहेरून रंग लावताय."

"पण शरीराचं स्वतःचं काही संरक्षण असतं ना?" काकांनी धीर धरून विचारलं.

"असतं की. आतड्याच्या भिंतीत पहारेकरी बसलेले असतात. पण घरचा कोण आणि परका कोण, हे त्यांना त्या जिवाणूंच्या संगतीतच समजायला लागतं. तुमच्या पहारेकऱ्यांनी जन्मात कुणाचं तोंड पाहिलेलं नाही. ते एक तर झोपा काढणार, नाहीतर येईल त्याच्यावर काठी उगारणार. असले पहारेकरी काय कामाचे?"

दारात उभ्या असलेल्या चौकीदाराचा चेहरा पडला.

"तुम्हाला नाही हो म्हणत," डॉक्टरबाई त्याला म्हणाल्या. मग काकांकडे वळल्या. "उपाय आहे. निरोगी, मोठ्या कोंबडीची शीट. ताजी. कोमट पाण्यात कालवायची, गाळायची आणि पिल्लांवर फवारायची. पिल्लं एकमेकांच्या अंगावरचे थेंब टिपतात आणि काम होतं."

काकांनी फळीवरच्या जंतुनाशकाच्या बाटलीकडे पाहिलं.

"म्हणजे औषधाबरोबर?" काकांनी विचारलं.

"तेच औषध."

"तयार मिळत नाही का? बाटलीत? सीलबंद?"

"मिळतं. पण ते इथे यायला दीड महिना जाईल. तुमची मोठी बॅच पुढच्या आठवड्यात बाहेर पडणार आहे. आणि कुठलीही शीट चालणार नाही बरं का, नाहीतर रोगच घरी आणाल. मी आसपासच्या सगळ्या कोंबड्या तपासल्यात. एकाच घरच्या ठणठणीत निघाल्या. साल्मोनेला नाही, जंत नाहीत, काही म्हणजे काही नाही. वळणावरचं ते पिवळं घर, जुन्या टायरांचं कुंपण असलेलं. आक्का म्हणतात बघा त्यांना."

काकांना ठसका लागला. आक्का ही त्यांची सख्खी मोठी बहीण होती.

आई गेली तेव्हा काका रांगत होते आणि आक्काला जेमतेम दप्तर पेलत होतं. तरी त्यांना वाढवलं तिनंच. पण हॅचरी सुरू झाली त्या दिवशी आक्का आपल्या कोंबड्यांची अंडी ओच्यात घेऊन आली होती, यंत्रात पहिली आमची अंडी ठेव म्हणून. बुटांना चिखल, ओच्यातल्या अंड्यांना पिसं चिकटलेली. चारचौघांदेखत काकांनी तिला डोक्यापासून पायापर्यंत फवारलं आणि अंडी चिमट्यानं उचलून बादलीत ठेवली.  आक्कानं बादली उचलली आणि ती घरी गेली. तेव्हापासून ती हॅचरीकडे फिरकली नव्हती, आणि काका वळणावर आले की गाडीच्या काचा वर करत.

"मी नाही जाणार," काकांनी घरी जाहीर केलं.

"अडला हरी गाढवाचे पाय धरी," बायको म्हणाली आणि फोनकडे वळली.

दुसऱ्या दिवशी काका आक्काच्या अंगणात उभे होते. उभे होते म्हणजे एका पायावर होते, कारण दुसरा कुठे ठेवावा हे ठरत नव्हतं. कोंबड्या सगळीकडे होत्या. सायकलच्या सीटवर, कपडे धुवायच्या यंत्रावर, पायरीवर, आणि एक तर स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून आत काय शिजतंय ते बघत होती. आक्का गमबूट घालून बाहेर आली. अंगानं भरलेली, आवाजानं त्याहून.

"तुझ्या बायकोचा फोन आला होता," ती म्हणाली. "म्हणाली, अडला हरी येतोय. पुढची म्हण मी काही पुरी करत नाही."

काकांनी खाली बघत काय हवंय ते सांगितलं.

"शीट?" आक्का म्हणाली. "एवढंच? मला वाटलं मूत्रपिंड मागतोस."

तिनं पेल्यात पाणी आणलं. काकांनी आपल्या पिशवीतून आपली बाटली काढली. आक्कानं पेला कुंपणापलीकडे रिता केला आणि उलटी बादली त्यांच्याकडे सरकवली, बसायला.

आता हे काम वाटतं तितकं सोपं नाही. कोंबडीची नेहमीची शीट पांढऱ्या टोपीची, ती उपयोगाची नाही. आतड्याच्या शेवटी दोन बंद पिशव्या असतात, त्यातून अधूनमधून जी तपकिरी, मऊ, चकचकीत येते, तीच हवी. खरा ऐवज तिच्यात. काका हातमोजे, मास्क आणि गॉगल चढवून, हातात चमचा घेऊन बादलीवर बसले. एरवी या कोंबड्यांना काही धरबंद नसे. येणाऱ्या जाणाऱ्याच्या खांद्यावर कार्यभाग उरकत. त्या दिवशी मात्र सगळ्या कशा कुलीन घराण्यातल्या झाल्या. एक ठिपक्यांची कोंबडी काकांसमोर येऊन त्यांच्याकडे बघत राहिली. काका तिच्या मागच्या बाजूकडे बघत राहिले.

"अरे, असा टक लावून बसलास तर तुला तरी होईल का?" आक्का आतून ओरडली.

काकांनी तोंड फिरवलं. लगेच काम झालं.

हे जिवाणू हवेत मरतात आणि गारठ्यात मरगळतात, त्यामुळे ऐवज कोमट पाण्यात, काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून न्यायचा होता. डॉक्टरबाईंनी थर्मास सांगितला होता. काकांच्या चहाच्या थर्मासाला घरात दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही असा दंडक होता. त्याच थर्मासात तो ऐवज गेला. गाडी चालवताना काका त्याच्याकडे बघत नव्हते. थर्मास मात्र प्रत्येक खड्ड्याला डुचमळून आपण आहोत असं सांगत होता.

इथवर सगळं ठीक झालं. पुढे जे झालं ते फक्त काकाच करू शकत होते.

मोठ्या बॅचच्या आधी एका खोक्यातल्या पिल्लांवर चाचणी घ्यायची ठरली होती. काकांनी द्रावण गाळलं आणि फवारणीच्या पंपात ओतलं. एकटेच होते. समोर पिल्लं होती, पिवळीधमक, निर्मळ, जगाचा कसलाही डाग न लागलेली. आणि हातात हे.  मग काकांचा मोकळा हात, कुणी न सांगता, फळीवरच्या जंतुनाशकाच्या बाटलीकडे गेला. काकांनी हाताला थांबवलं नाही. एक झाकण फक्त, ते मनाशी म्हणाले. एका झाकणानं काय होतंय? वाईट असतील ते मरतील. चांगले असतील ते टिकतील. चांगल्याला कशाची भीती?

झाकण रिकामं करताच त्यांना फार दिवसांनी गाढ समाधान वाटलं.

काही दिवसांनी तपासणी झाली. चाचणीतल्या पिल्लांत साल्मोनेला पूर्वीइतकाच नांदत होता. डॉक्टरबाई बुचकळ्यात पडल्या. काका मात्र पडले नाहीत. "मी म्हटलंच होतं," ते बायकोला म्हणाले, चौकीदाराला म्हणाले, पेट्रोल भरणाऱ्यालाही म्हणाले. "आक्काच्या कोंबड्यांत काही दम नाही. नुसती घाण." माणूस आपली चूक झाकायला किती लांब जातो याला सीमा नाही. काका तर पेट्रोलपंपापर्यंत गेले.

डॉक्टरबाईंनी पंपात उरलेलं द्रावण प्रयोगशाळेत नेलं होतं. त्या परत आल्या आणि काकांसमोर एक काचेची बशी ठेवली. बशी स्वच्छ होती.

"काका, शिटेच्या एका कणात कोट्यवधी जिवाणू असतात. या बशीत त्यातला एकही उगवला नाही. मी इतकी वर्षं हे काम करतेय, पण इतकी स्वच्छ विष्ठा मी जन्मात पाहिली नाही."

काका छताकडे बघू लागले.

"काय घातलंत त्यात?"

"एक झाकण," काका छताला म्हणाले.

डॉक्टरबाई खुर्चीत बसल्या. त्यांना हसू येत होतं की रडू, ते त्यांचं त्यांनाही ठरवता आलं नसावं. मग म्हणाल्या, "उद्या मोठी बॅच बाहेर पडतेय. सकाळीच ताजा ऐवज पाहिजे. आणि ऐका, मी आत्ता आक्कांकडूनच येतेय. त्यांनी मला साफ नाही म्हणून सांगितलंय. म्हणाल्या, आमच्या कोंबड्यांत दम नाही असं पेट्रोलपंपावर कळलं, मग आमच्या दारात कशाला येता?"

काका गाडीत बसले. या खेपेला काचा वर करायचं त्यांच्या लक्षात आलं नाही.

आक्का अंगणात दाणे टाकत होती. तिनं वर पाहिलं नाही. काका कुंपणापाशीच थांबले.  ते आपल्या बहिणीला घाबरत होते असं नव्हे. त्यांना स्वतःची लाज वाटत होती, आणि ती सवय नसल्यानं कशी वागवायची ते कळत नव्हतं.

"आक्का, तुझ्या कोंबड्यांचं काही चुकलं नाही. मी त्यात जंतुनाशक घातलं."

दाणे टाकणारा हात थांबला.

"माझ्या घरून नेलेल्यात?"

"एक झाकण."

"म्हणजे जितंजागतं दिलेलं तू मारलंस," आक्का सावकाश म्हणाली, "आणि वर, मेलेलं दिलं म्हणून गावभर बोंब मारलीस?"

"हो."

"लाज नाही वाटली?"

"आत्ता वाटतेय."

आक्कानं दाण्यांचं भांडं खाली आदळलं. कोंबड्या उडाल्या. "अरे, आई गेली तेव्हा तू काही गिळायचा नाहीस. तोंडात घातलं की थुंकायचास. मी घास चावून चावून तुझ्या तोंडात घालायचे. तेव्हा मला तरी कुठे काय कळत होतं? दात पण सगळे आले नव्हते माझे. तेव्हा कुठलं जंतुनाशक आणायचं होतं मी?"

 हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. एरवी ही गोष्ट ऐकून ते तडक गुळण्या करायला धावले असते. आज ते जागच्या जागी उभे राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"म्हणूनच वाचलो असेन," ते म्हणाले.

आक्कानं नाक ओढलं. भांडं उचललं. बराच वेळ दाणे टाकत राहिली.

"उद्या मी स्वतः आणणार," ती शेवटी म्हणाली. "तुझ्या हातात देणार नाही. तुझ्या हाताचा भरवसा नाही."

सकाळी आक्का हॅचरीच्या फाटकाशी आली. काखेत तिचा स्वतःचा थर्मास, जुना, पोचे आलेला, स्वेटरात गुंडाळलेला. काका आतल्या दाराशी उभे होते, शेजारी डॉक्टरबाई. आक्कानं ट्रेकडे पाहिलं आणि कुणी सांगायच्या आधी दोन्ही गमबूट त्यात बुडवले.

"पाय धुते," ती म्हणाली, "अंघोळ करते, तुमचे कपडे घालते. मी काही त्या पिल्लांच्या जिवावर उठलेले नाही. पण थर्मासाला कुणी हात लावायचा नाही."

"बरोबर," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बाहेरचे जंतू बाहेर, घरचे आत."

पण चौकीदाराच्या अंगी वर्षानुवर्षांची शिस्त मुरलेली. सामान दिसलं की फवारायचं, एवढंच त्याच्या हाताला ठाऊक. त्यानं पंप उचलला, थर्मासावर रोखला, आणि डॉक्टरबाई किंचाळायच्या आत काकांनी धाव घेतली. या वयात, या पोटासह त्यांनी मारलेली ती उडी पुढे हॅचरीत बरेच दिवस करून दाखवली जात असे. फवारा आला तो सगळा काकांच्या तोंडावर. थर्मास कोरडा राहिला.

"शाबास," काका डोळे चोळत म्हणाले. "आता तो पंप खाली ठेव. लांब. आणखी लांब."

हॅचरीचे कपडे आक्काला पुरेनात. शेवटी काकांचा सदरा उसवून तिला घातला. मग थर्मास उघडला. डॉक्टरबाईंनी ऐवज आधीच उकळून कोमट होऊ दिलेल्या पाण्यात कालवला, गाळला आणि नव्याकोऱ्या पंपात भरला. काकांना फळीपासून दूर उभं केलं होतं. मोठ्या दालनात खोक्यांमागून खोकी, आणि प्रत्येक खोक्यात चिवचिवाट. फवारणी झाली.

आणि पिल्लं थेंब टिपेनात. भिजल्यामुळे ती एकमेकांना बिलगून, डोळे मिटून, नुसती ओरडत राहिली. डॉक्टरबाईंनी दिवे वाढवले, उष्णता थोडी वाढवली. तरी काही नाही.

"पिसं वाळली की थेंब गेले," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक झाला होता. "यांना टिपायचं असतं हेच ठाऊक नाही. अजून कशालाच चोच लावलेली नाही यांनी."

 फाटकाला लागलेलं कुलूप त्यांना दिसू लागलं. ते पहिल्या खोक्याशी गेले आणि त्यांनी पिल्लांना उद्देशून विनंती केली, "खा रे बाबांनो." पिल्लांनी लक्ष दिलं नाही.

"सरक," आक्का म्हणाली.

ती खोक्यावर वाकली. तर्जनीनं खोक्याच्या तळाशी ठोकू लागली, टुक टुक टुक, आणि घशातून तिनं एक आवाज काढला, कोंबडी दाणा दिसला की पिल्लांना बोलावते तसा, बारीक, घाईघाईचा, कुक-कुक-कुक.

खोकं गप्प झालं. मग शेजारचं. मग त्याच्या पलीकडचं. त्या दालनात यंत्र सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच एवढी शांतता झाली असेल. सगळ्या पिल्लांनी डोळे उघडून माना वळवल्या. या पिल्लांनी कधी आई पाहिली नव्हती, पाहणारही नव्हती, पण तो आवाज त्यांना ओळखीचा होता. आणि मग एकानं शेजाऱ्याच्या पाठीवरचा थेंब टिपला. दुसऱ्यानं त्याच्या. बघता बघता सगळं खोकं टकटक टिपू लागलं.

काका मास्कच्या आत रडत होते. कुणाला दिसत नव्हतं, पण मास्क ओला व्हायला लागला होता आणि आज त्यांना तो बदलावासा वाटला नाही. त्यांनी हातमोजे काढले, दुसऱ्या खोक्यावर वाकले आणि बोटानं ठोकू लागले. घशातून आवाज काढला. तो सुरू न होणाऱ्या स्कूटरसारखा आला. पिल्लं दचकून मागे सरली.

"घाबरवू नकोस," आक्का म्हणाली. "हळू. जीभ टाळ्याला लाव."

काकांनी जीभ टाळ्याला लावली. दोघं भावंडं मग एकेक खोकं घेत पुढे गेली, एक दालनाच्या या बाजूनं, एक त्या बाजूनं, आणि चौकीदार दारात उभा राहून आपल्या मालकाला कोंबडी झालेलं बघत राहिला.

त्यानंतर वाट बघणं आलं. अहवाल यायचा होता. पी हळद आणि हो गोरी असं काही आतड्यांचं नसतं. नव्या बिऱ्हाडकरूंना भांडीकुंडी लावायला वेळ लागतो. निरीक्षक येऊन नमुने घेऊन गेले. काका दिवसभर हॅचरीत बसून राहत आणि कशालाच घासत नसत, त्यामुळे बायकोला त्यांची जास्तच काळजी वाटू लागली.

फोन आला तेव्हा काका जेवत होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, एकाही नमुन्यात साल्मोनेला नाही. निरीक्षकांनी कुलूप घरी ठेवलंय. पण लक्षात ठेवा, दर बॅचला हे द्यावं लागणार."

काका तसेच उठले. हात धुवायचे राहिले, आणि हे पाहून बायकोनं भिंत धरली.

आक्काच्या अंगणात त्यांना जे दिसलं त्यावर त्यांचा विश्वास बसेना. आक्का गुडघ्यांवर बसून खुराडं घासत होती. साबणाच्या पाण्याचे लोट वाहत होते. पायरी घासलेली, सायकल पुसलेली, यंत्र लखलखीत. सगळ्या कोंबड्या कौलांवर चढून बसल्या होत्या आणि खाली चाललेला प्रकार त्यांना मुळीच पसंत नव्हता. आक्काचे डोळे सुजलेले होते. किती दिवस नीट झोपली नसेल कोण जाणे.

"आक्का, हे काय करतेयस?" काकांनी धावत जाऊन तिच्या हातातला ब्रश ओढला.

तिनं ब्रश सोडला नाही. दोघं दोन टोकांना धरून उभी राहिली.

"काय म्हणाले निरीक्षक?" आक्कानं विचारलं. तिचा आवाज एवढा लहान झालेला काकांनी कधी ऐकला नव्हता. "खरं सांग. माझ्या घरचं पिल्लांना बाधलं नाही ना?"

काकांना तेव्हा कळलं, की या सगळ्या दिवसांत कुलपाची भीती त्यांना एकट्यालाच नव्हती. पिल्लं मेली असती तर हॅचरी काकांची गेली असती, पण दोष पिवळ्या घराला लागला असता.

"नाही आक्का," ते म्हणाले. "तुझ्या घरचं मिळत नव्हतं, तेच बाधत होतं."

आक्कानं ब्रश सोडला. काका तोल जाऊन साबणाच्या पाण्यात बसले, आणि तिथेच बसून राहिले.